हसवता हसवता जागे करणारे गाडगेबाबा

हसणे कोणाच्या बाजूने उभे राहते, हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. १९४९ साली शंकर यांनी घटनेच्या कामाला गोगलगाय ठरवून तिच्यावर बाबासाहेबांना बसविले आणि मागे नेहरूंच्या हाती चाबूक दिला. तेच व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आल्यावरून २०१२ साली संसदेत वादळ उठले. ते चित्र समाजाच्या जिव्हारी लागले होते. पण हसण्याची दुसरी एक परंपरा आमची स्वतःची आहे आणि ती याच वऱ्हाडात रुजली. ती संत गाडगेबाबांची.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. शेंडगाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. तेव्हा हा मुलुख एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरच्या जिल्ह्यात मोडत होता. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाची जमीन सावकाराने गिळली. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता डेबूजींनी गोड जेवण घातले, तेव्हा भाऊबंद चकित झाले. १९०५ साली त्यांनी घर सोडले.

अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच. व्यंगचित्रकाराने कागदावर काढावे असे ते ध्यान! गाव ज्याला हसून हाकलते, तो माणूस बाबा स्वतःच झाले आणि मग त्याच गावाला हसवून शहाणे करू लागले.

दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. भाषा अस्सल वऱ्हाडी. बाबा प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव प्रसादाने वर येते ना, मग महायुद्धात बुडालेल्या बोटींपैकी एक तरी पूजा घालून वर काढा, असे ते सुचवीत. अंगावर घाण करणारे कुत्रे ज्या दगडाच्या देवाला हाकलता येत नाही, तो तुमचे रक्षण कसे करणार, असे विचारीत. मंडप हसून लोटपोट होई. नवसाला बोकड कापणारा, बायकोचे लुगडे विकून दारू पिणारा, सणासाठी कर्ज काढून सावकाराच्या दारी बसणारा, अशी एकेक पात्रे ते उभी करीत. हसणाऱ्याला उशिरा कळे की हे पात्र आपणच आहोत. पण त्यात त्याचा अपमान नसे. कारण त्या दारुड्यात बाबांचा बाप होता आणि त्या कर्जदारात त्यांचा मामा होता. आपले दुःख सांगून त्यांनी कधी सहानुभूती मागितली नाही. ते दुःख हसण्यात कालवून समाजाला पाजले. १९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली, तेव्हाही कीर्तन थांबले नाही.

शंकर यांचे व्यंगचित्र निघाले त्याच १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवाच्या दारातली जागा पोरांच्या शिक्षणाला मिळाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांनीही देह ठेवला.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचे नाव आहे. २००० साली शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण व्यवस्थेने बाबांचा खराटा तेवढा उचलला आणि त्यांचे हसणे मात्र मागेच ठेवले. कारण खराट्याने रस्ता झाडला जातो आणि त्या हसण्याने पोथी झाडली जाते, हे तिला पक्के ठाऊक आहे.

आम्हीही आत्मपरीक्षण करावे. आमच्या विचारपीठावर संताप भरपूर आहे आणि तो रास्तही आहे. परंतु नवसाला जाणाऱ्या, बाबा-बुवांच्या नादी लागलेल्या आपल्याच माणसाला केवळ शिव्या देऊन तो चळवळीत येत नाही. त्याच्या शेजारी बसून त्याला हसवावे लागते. हे काम गाडगेबाबांनी पन्नास वर्षे केले. जयंतीला खराटा हाती घेताना ते हसणेही उचलू या!