रुडॉल्फ डीझेल

विजेचे पंप शेतोशेतीं येण्यापूर्वीं आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील विहिरींवर ज्या इंजिनाची फटफट ऐकूं येई, त्याच्या कर्त्याचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहे. चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

रुडॉल्फ डीझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें एका जर्मन कारागिराच्या घरीं झाला. १८७० सालीं फ्रान्स व जर्मनी यांचें युद्ध जुंपतांच कुटुंबास लंडनचा रस्ता धरावा लागला, आणि बारा वर्षांचा रुडॉल्फ आउग्सबुर्ग येथें नातलगांकडे शिकावयास गेला. पुढें म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत प्रोफेसर लिंडे यांच्या व्याख्यानांत त्यानें ऐकलें कीं, वाफेचें इंजिन कोळशांतील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्साच कामास लावतें. बाकीची सारी वायां जाते. ही उधळपट्टी त्याच्या मनास लागली ती कायमची. लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्यांत त्यानें नोकरी धरली, परंतु डोक्यांत इंजिनच घोळत होतें.

सायकलींत हवा भरतांना पंप गरम होतो, हें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अनुभवाचें आहे. डीझेलची कल्पना त्याच जातीची. नळकांड्यांत हवा इतकी दाबावयाची, कीं आंत सोडलेलें तेल ठिणगीवांचून पेटावें. १८९३ सालीं त्यास पेटंट मिळालें व आउग्सबुर्गच्या कारखान्यानें यंत्र बांधून दिलें. नळकांड्याचा व्यास १५० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ४०० मिलिमीटर. १० ऑगस्ट रोजीं पहिलाच भडका असा झाला कीं दाब मोजण्याचें उपकरण फुटून तुकडे उडाले. जीव वांचला हेंच नशीब. फेब्रुवारी १८९४ मध्यें तें यंत्र आपल्या बळावर चाललें, तेंहि मिनिटभरच.

आतां शक्ति वाढवावयाची होती. नळकांड्यांत हवा अधिक मावली तर तेल अधिक जळेल. त्यासाठीं एकतर व्यास वाढवावा, किंवा धांव. धांव वाढवावयाची म्हणजे क्रँकची भुजा लांब करावयाची. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर, तितकें जातें थोड्या जोरानें फिरतें; तसाच येथें फिरविण्याचा जोर वाढतो. पण लाभ फुकटचा नव्हे. प्रत्येक फेऱ्यांत दट्ट्यास अधिक पळावें लागतें, म्हणून झीज वाढते व वेगास मर्यादा पडते. शिवाय लांब भुजेमुळें दट्ट्या वर अधिक चढतो. तो झांकणावर आदळेल काय, हवा वाजवीपेक्षां अधिक दाबली जाईल काय, याचा हिशेब लोखंड कापण्यापूर्वीं करावा लागतो. तयार इंजिनाची धांव वाढविणाऱ्या कारागिरांस आजहि हाच हिशेब सुटलेला नाहीं.

डीझेलच्या यंत्राची धांव व्यासाच्या अडीचपटींहून अधिक होतीच. पुढील बांधणींत ती ४०० च राहिली. व्यास मात्र २२०, आणि मग २५० मिलिमीटर झाला. दट्ट्यानें व्यापलेली जागा सात लिटरांवरून वीस लिटरांच्या घरांत गेली. १८९७ च्या फेब्रुवारींत प्रोफेसर श्रोटर यांनीं परीक्षा घेतली, तेव्हां मिनिटास १५४ फेऱ्यांनीं सुमारें १८ अश्वशक्ति मिळाली, व तेलांतील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कामीं आला. चार वर्षांच्या खटपटीचें हें फळ!

पैसा आला, तसा गेलाहि. प्रकृति ढासळली, व्यवहार बुडाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याच्या पद्धतीचें एक इंजिन भुइमुगाच्या तेलावर चालून दाखविण्यांत आलें. शेतकऱ्यानें आपल्या तेलावर आपलें यंत्र चालवावें, ही गोष्ट पुढें डीझेलनेंहि उचलून धरली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडास जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं समुद्रांत प्रेत सांपडलें. खिशांतील वस्तू मुलानें ओळखल्या. घातपाताच्या कहाण्या पुष्कळ पसरल्या. आम्हांस त्याच्या कर्जाचे आंकडे अधिक बोलके वाटतात.

१९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि त्याच्या पद्धतीचीं इंजिनें मराठी मुलुखांतील मळ्यांवर पाणी ओढूं लागलीं.