चंद्रभागेकाठचा खराटा

गाडगेबाबा पंढरीला येत, पण राउळात दर्शनाला जात नसत. आपल्या माळकरी मंडळींना हे ऐकून कसेसेच वाटते. मग ते करीत तरी काय? हाती खराटा घेऊन वाळवंट झाडीत. यात्रेच्या दाटीत आपण काय काय घाण करून ठेवतो ते आपल्याला ठाऊकच आहे. ती बाबा उचलीत.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावतीकडच्या शेंडगावचा, परीट घराण्यातला. नाव डेबूजी. दारूपायी बाप गेला; पोर दापुऱ्याला मामाकडे गुरे राखीत वाढले. १९०५ साली भरला संसार सोडून निघाले. अंगावर चिंध्या, डोईवर गाडगे. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, गटार उपसायचे, मग कुणी देईल ती चटणीभाकर खायची. पाया मात्र कुणाला पडू देत नसत. रात्री कीर्तन.

पंढरीत अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या वारकऱ्याला पाठ टेकायला जागा मिळेना. त्याच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आणखीही धर्मशाळा झाल्या. घरच्या माणसांचा त्यांवर कवडीचा हक्क ठेवला नाही. बाबांचे दर्शन चुकले म्हणणाऱ्यांनी एकदा हाही हिशेब मांडावा.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच बाबांनी देह ठेवला.