आधी खराटा, मग कीर्तन

दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचारासाठी गावोगावहून आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. मुंबईत डोकं टेकायला जागा मिळवणं म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको! पण ज्याच्या नावाचं हे छप्पर, त्याने स्वतःसाठी मात्र कधी छप्पर बांधलं नाही.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट घराणं. वडील दारूपायी लवकर गेले. आईने पोराला माहेरी दापुऱ्याला नेलं. तिथे तो मामाच्या शेतात राबला आणि ती जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली. शाळा नाहीच. त्याने गुरू मानले ते तुकाराम महाराजांना, ज्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. सावकारीचे चटके सोसलेल्या पोराला दुसरा कोण जवळचा वाटणार?

१९०५ साली एका रात्री त्यांनी घर सोडलं. मागे आई, बायको, मुलं. खरं सांगायचं तर हे वाचताना मला राग आला होता. त्या माउल्यांनी काय काढलं असेल! तो राग अजूनही पूर्ण गेलेला नाही.

अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. जेवायचं त्यातच, पाणी प्यायचं त्यातच. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरलं की भाषण नाही, ओळख नाही, सरळ झाडायला सुरुवात. आधी लोक वेडा समजून हसायचे. मग एखाद्याला लाज वाटायची, तो पुढे व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत अख्खा गाव कामाला लागलेला असायचा. रात्री त्याच जागेवर कीर्तन. तेही अस्सल वऱ्हाडी बोलीत, समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढणारं : कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरांना शिकवा, शिवाशीव पाळू नका. आपल्या व्हायव्हातले प्रश्न यापुढे काहीच नाहीत! पाया पडायला कोणी आलं तर बाबा भडकायचे. शिष्य एकही केला नाही.

लोकांनी पैसा दिला, बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, आणि इथे जे. जे. हॉस्पिटलजवळही. त्यावर आपल्या नातेवाइकांचा हक्क राहणार नाही, अशी तजवीजही केली. पंढरपूरला ज्यांना अस्पृश्य म्हणून कोणी ओसरीवरही घेत नसे, त्यांच्यासाठी बांधलेल्या धर्मशाळेला नाव दिलं चोखामेळ्याचं, देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या त्या संताचं. १९४९ मध्ये ती इमारत त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. म्हणजे हॉस्टेलसाठीच की!

बाबांचं शेवटचं कीर्तन मुंबईतच झालं, नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात. महिनाभरात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. इतक्या धर्मशाळा बांधलेला माणूस शेवटी रस्त्यावरच गेला.