जॉर्ज कार्व्हर ह्यांचे हातकाम

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक काळजी घरोघर शिरते. मुलांस नवे कपडे हवेत, सासरी असलेल्या लेकीकडे काही पाठवावयास हवे, पाहुण्यांच्या हाती काही ठेवावयास हवे. आणि कापसाचा पैसा एक तर हाती आलेला नसतो, अथवा आला तो मागील देण्यात गेलेला असतो. मग वाण्याकडे उधारी होते, आणि प्रभूच्या जन्मोत्सवाचे व्याज पुढे उन्हाळाभर फेडीत बसावे लागते. ही स्थिती मनात ठेवून आम्ही आज अशा एका ख्रिस्ती मनुष्याचे चरित्र सांगत आहो, की ज्याने जन्मभर पुष्कळ देणग्या दिल्या, आणि त्यांपैकी फारच थोड्या विकत घेतल्या. डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. श्रीमती वीणा गवाणकर ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रामुळे ते महाराष्ट्रात घरोघर पोहोचले आहे. तथापि शेंगदाण्याचे शास्त्रज्ञ म्हणून त्यांची जेवढी कीर्ती आहे, तेवढी त्यांच्या विणकामाची, चटयांची व मातीच्या रंगांची नाही; म्हणून आम्ही विशेषेकरून त्याविषयीच लिहितो.

अमेरिकेतील मिसूरी प्रांतात डायमंड गावाजवळ मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर सुमारे १८६४ साली जॉर्जचा जन्म झाला. नेमकी तारीख त्याची त्यालाही ठाऊक नव्हती, कारण त्याची आई मेरी ही त्या शेतकऱ्याने ७०० डॉलरांस विकत घेतलेली गुलाम बाई होती, आणि गुलामांच्या जन्मतिथी कोण लिहून ठेवणार? जॉर्ज तान्हा असतानाच लुटारूंनी आईला व त्याला पळवून नेले. शोधास पाठविलेल्या मनुष्याला मूल सापडले, आई सापडली नाही. त्या कामाबद्दल त्याला एक घोडा देण्यात आला. आईची एवढीच आठवण उरली की तिचा एक लहानसा चरखा घरात राहिला. तो चरखा जॉर्जने पुढे आपल्याजवळ नेला, आणि तो प्रख्यात झाल्यावरही त्याच्या खोलीत जपून ठेवलेला असे.

मोझेस व त्यांची पत्नी सूझन ह्यांनी जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम ह्यांस वाढविले. जिम धट्टाकट्टा होता, तो शेतात जाई. जॉर्ज लहानपणीच्या खोकल्याने दुबळा झालेला, म्हणून तो घरात सूझनबाईंच्या हाताखाली राहिला. आणि स्वयंपाक, धुणे, इस्त्री, शिवण, सुयांवरील विणकाम, क्रोशा, भरतकाम हे सर्व शिकला. आमच्यातील कित्येक बापयांस हे वाचून हसू येईल. पुरुषाने सुई हाती धरावी काय? परंतु ज्या कामाला घरात बसणाऱ्या दुबळ्या पोराचे काम म्हणून कोणी मोजीत नव्हते, त्याच कामाने पुढे त्याचे पोट भरले व त्याचे शिक्षण झाले. त्याला त्याची लाज कधीच वाटली नाही.

तो सुमारे दहा वर्षांचा असताना शेजारच्या एका गोऱ्या मुलाने त्याला शब्बाथ शाळा म्हणजे काय व प्रार्थना म्हणजे काय हे सांगितले. गिरणीत नेण्यासाठी जॉर्ज कोठाराच्या माळ्यावर एकटाच मका सोलीत बसला होता. तेथेच मक्याच्या पिंपाशी गुडघे टेकून त्याने आपल्या बालबुद्धीप्रमाणे देवाशी बोलणे केले. कोणी पाळक तेथे नव्हता, उपासनामंदिर नव्हते. कार्व्हर म्हाताऱ्या वयात आपल्या ख्रिस्ती जीवनाचा आरंभ त्याच जागी झाला असे सांगत असत. हातात मका होता, ही गोष्ट आम्हांस लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

जवळपासच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांस प्रवेश नव्हता, म्हणून तो पायी निओशो ह्या गावी गेला. तेथे मरायाबाई वॉट्किन्स नामक कृष्णवर्णीय सुईणीने त्याला घरी ठेवून घेतले. ही बाई धुणीही धुवून देत असे. शाळेच्या मधल्या सुटीत जॉर्ज कुंपणावरून उडी मारून घरी येई व धुण्याला हात लावी. मरायाबाई मोठ्या प्रार्थनाशील होत्या. जे शिकशील ते आपल्या लोकांस परत दे, असे त्यांनी त्याला बजाविले, आणि एक पवित्र शास्त्र त्याला भेट दिले. ते पुस्तक त्याने मरेपर्यंत वापरले. कपडे धुवून पोट भरणाऱ्या बाईच्या देणगीची किंमत बाजारभावाने कोण ठरवील?

पुढील कित्येक वर्षे तो गावोगाव भटकला. कॅन्सस प्रांतातील फोर्ट स्कॉट गावी १८७९ साली जमावाने एका कृष्णवर्णीय मनुष्याला ठार मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि तो तेथून निघून गेला. १८८५ साली हायलंड येथील कॉलेजाने पत्राने प्रवेश दिला व प्रत्यक्ष तोंड पाहिल्यावर दार लावले. ते ख्रिस्ती लोकांचे कॉलेज होते, हे सांगावयास आम्हांस दुःख होते; परंतु चरित्र लिहावयाचे तर हेही लिहिलेच पाहिजे. अखेर १८९० साली आयोवा प्रांतातील सिंप्सन कॉलेजात त्याला चित्रकला शिकण्यास जागा मिळाली. फी भरल्यावर जवळ काही नाणीच उरली, तेव्हा त्याने थोडे मक्याचे पीठ व चरबी आणून आठवडा काढला, आणि विद्यार्थ्यांचे कपडे धुवून देण्याचा धंदा मांडला. कपडे घेऊन येणारे विद्यार्थी त्याच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर बसत. काही दिवसांनी तो बाहेर गेला असता त्यांनीच गुपचूप टेबल-खुर्च्या आणून ठेवल्या, व कोणी आणल्या हे कोणीही कबूल करीना.

चित्रकलेच्या शिक्षिका कुमारी एटा बड ह्यांनी त्याची झाडांविषयीची आवड पाहून त्याला शेतकीच्या कॉलेजात जाण्यास सांगितले. १८९४ साली तो पदवीधर झाला व १८९६ साली त्याने वरची पदवी मिळविली. मधल्या काळात त्याचे युक्का व निवडुंगाचे एक चित्र १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात गेले व त्याची वाखाणणी झाली. चित्रकार म्हणून त्याला सुखाने राहता आले असते. त्याच सुमारास दक्षिणेतील अलाबामा प्रांतात टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन हे मुक्त गुलामांच्या मुलांसाठी शाळा चालवीत होते. त्यांचे बोलावणे आले, आणि १८९६ च्या ऑक्टोबरात कार्व्हर तेथे गेले ते कायमचे.

तेथे प्रयोगशाळा नव्हती. गुरुजी विद्यार्थ्यांस घेऊन उकिरड्यांवर गेले. फुटक्या बाटल्यांचे गळे कापून त्यांची भांडी झाली, जाड कपाचा खल झाला, दौतीत वात घालून दिवा झाला. ज्या उपदेशकांस आपल्या शाळेत फळा नाही, नकाशा नाही अशी अडचण आहे, त्यांनी हा भाग मुलांस अवश्य वाचून दाखवावा.

परंतु खरी गरिबी शाळेबाहेर होती. अलाबामातील कृष्णवर्णीय शेतकरी बहुतेक वाटेकरी किंवा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, कापूस झोपडीच्या दारापर्यंत लावलेला, आणि पीक येण्याआधीच दुकानदाराच्या वहीत गहाण पडलेले. पीठ उधार, कापड उधार, सणाचे सामान उधार. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला म्हणजे घेणे काही नाही, देणेच शिल्लक. आमच्या वाचकांस हे चित्र परके वाटणार नाही. कार्व्हर ह्यांनी पाहिले की हे लोक ज्या वस्तू उधारीने आणतात त्यांतील कित्येक त्यांच्या पायांखालीच पडल्या आहेत. चवळी, रताळी व भुईमूग लावा, जमिनीलाही बळ येईल व मुलांच्या पोटालाही, हा त्यांचा शेतकीचा धडा सर्वांस ठाऊक आहे. १९०६ सालापासून शाळेची एक घोडागाडी अवजारे व नमुने घेऊन गावोगाव हिंडू लागली, तीही त्यांच्याच योजनेची. शेतकऱ्यांसाठी त्यांनी चाळीसांहून अधिक छोट्या पुस्तिका लिहिल्या, अगदी सोप्या भाषेत.

त्यांतील १९११ ची एक पुस्तिका केवळ घर रंगविण्याविषयी आहे. त्या भागातील टेकड्यांत पांढरी, पिवळी, तांबडी अशी माती विपुल होती. ती खणून पाण्यात कालवावी, खडे-रेती खाली बसू द्यावी, वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे, व भिंती आतून-बाहेरून सारवून काढाव्यात; खर्च श्रमाखेरीज काही नाही. आमच्या भगिनी पांढऱ्या मातीने व गेरूने हेच करीत आल्या आहेत, तेव्हा त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. तेथे मात्र नवल होते, कारण रंग म्हणजे दुकानातील डबा अशी समजूत होऊन बसली होती, आणि डबा परवडत नाही म्हणून लोक काळवंडलेल्या झोपड्यांत राहत. देवाने सृष्टीला इतके रंग दिले ते केवळ श्रीमंतांच्या घरांसाठी दिले नाहीत, अशी कार्व्हर ह्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायी ते मातीत हात घालीत.

त्यांची स्वतःची खोली म्हणजे अशा वस्तूंचे कोठारच होते. दोऱ्याचा तुकडा व पुडक्यावरचा कागद ते कधी टाकीत नसत. गोणपाटाच्या तुकड्यावर रंगीत धाग्यांनी भरतकाम करीत. कणसावरील पापुद्रे, गवत, वेलींचे तंतू ह्यांच्या चटया विणीत. झाडपाल्याचे रंग काढून धागे रंगवीत. गळ्यातील नेकटायदेखील घरी केलेल्या असत. अंगावर जुना कोट, आणि त्यावर रोज एक ताजे फूल. क्रोशाच्या व विणलेल्या वस्तू आणि आपण काढलेली चित्रे ते स्नेह्यांस भेट म्हणून देत. अशी भेट घेणाऱ्याला ठाऊक असे की हिच्यात कोणाची तरी संध्याकाळ गेली आहे. आमच्या मते नाताळाच्या भेटीतही हेच पाहावे. जुन्या लुगड्यांची गोधडी, शिंदीच्या पात्याची परडी, पोत्याच्या तुकड्यावर मुलीने भरलेला क्रूस, अथवा आजोबांनी वळलेला दोर, ही देताना कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही. आणि वाण्याच्या वहीत तिचे नाव चढत नाही, हा लाभ वेगळाच.

सुमारे १९०७ पासून कार्व्हर दर रविवारी सायंकाळी विद्यार्थ्यांचा शास्त्रवर्ग घेऊ लागले व तो जवळजवळ तीस वर्षे चालविला. पहाटे उठून ते एकटेच रानात जात, झाडपाला गोळा करीत व प्रार्थना करीत. दिवसभर काय करावयाचे ते तेथे देवाला विचारून ठरवीत असत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात बीज देणाऱ्या वनस्पती मनुष्याला दिल्याचे सांगितले आहे, ते त्यांनी अक्षरशः घेतले: दिल्या आहेत तर त्यांत काय आहे ते शोधले पाहिजे.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की कार्व्हर देवदूत नव्हते. शाळेच्या कोंबड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे असता ती बिघडली, त्यावरून वॉशिंग्टन ह्यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले, आणि राजीनाम्याच्या धमक्याही झाल्या. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे जे सांगतात तेही खरे नव्हे. दुसरी गोष्ट अधिक जड आहे. भिंती रंगविल्या म्हणून जमीन कुळाची झाली नाही, आणि चटया विणल्या म्हणून वर्णभेदाचे कायदे गेले नाहीत. कार्व्हर त्या अन्यायाविरुद्ध उघड फारसे बोलत नसत, व ह्याबद्दल त्यांच्याच लोकांतील काहींनी त्यांस दोष दिला. तो दोष सर्वस्वी खोटा आहे असे आम्हांस म्हणवत नाही. हातकामाने उधारी कमी होते. सावकाराचा अन्याय दूर करण्यास आणखी काही करावे लागते. तरीपण ज्याच्या डोक्यावर देणे कमी आहे, तो मनुष्य पंचायतीत मान थोडी वर करून बोलू शकतो, हेही आम्ही पाहिले आहे.

१९२१ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे भुईमुगाविषयी त्यांची साक्ष झाली, व तेव्हापासून त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९२९ साली आमच्या देशाचे स्नेही चार्ल्स अँड्र्यूज टस्कीगीस जाऊन त्यांना भेटले, आणि पुढे आहाराविषयी कार्व्हर ह्यांचा सल्ला महात्मा गांधींपर्यंत पोहोचला. मोठमोठ्या पगाराची बोलावणी आली ती त्यांनी नाकारली. जो पगार मिळे त्याचे चेकही ते कित्येकदा वेळेवर वटवीत नसत, व हिशेबनीस त्रासून जात! अशा रीतीने साठलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी अखेरच्या वर्षांत व मृत्यूसमयी संशोधनाची एक संस्था व एक संग्रहालय ह्यांस देऊन टाकले. त्यांस बायको-मुले नव्हती.

५ जानेवारी १९४३ रोजी, जिन्यावरून पडल्यानंतर काही काळाने, टस्कीगी येथे त्यांचे देहावसान झाले, आणि बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या शेजारी त्यांस पुरण्यात आले. त्यांच्या हातच्या वस्तू व चित्रे तेथील संग्रहालयात ठेवली होती. १९४७ साली त्या इमारतीस आग लागून चित्रांपैकी बहुतेक नष्ट झाली. शिकागोच्या प्रदर्शनात गेलेले युक्का व निवडुंगाचे चित्र मात्र त्यातून वाचले, आणि पुढे त्याची डागडुजी करण्यात आली.