डॉ. हाफकिन : ताऊनला अडवणारा माणूस

प्लेगला अरबी-उर्दूत ताऊन म्हणतात. ताऊन पसरलेल्या गावात बाहेरच्याने जाऊ नये आणि आतल्याने तेथून पळ काढू नये, अशी शिकवण हजरत पैगंबरांनी (स.) दिली होती. या रोगावरील जी लस पुढे भारतभर पोहोचली, ती मात्र मुंबईत तयार झाली. ती करणारे डॉ. वाल्देमार हाफकिन हे ज्यू होते.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरी झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी तिचा वापर केला. एकाच घरातील लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची ते तुलना करत.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने त्यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काही महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचली. त्यानंतर भायखळा तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. तुरुंग एक, अन्न एक. तरी लस न घेतलेल्यांत आजारी अधिक पडले.

पुरावा हाती आला, पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. सक्तीच्या घरझडत्यांनी आणि इस्पितळात ओढून नेण्याने हिंदू-मुसलमान सारेच बिथरले होते. अशा वेळी इस्माइली खोजा जमातीचे तरुण इमाम तिसरे आगाखान यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली. प्रयोगशाळेला त्यांनी आपली इमारतही दिली. इमामांना पाहून हजारो खोजांनी दंड पुढे केला.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचे पद गेले. पण सर्व मृतांना एकाच बाटलीतून लस दिली होती. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात आले. मात्र गेलेला मान पूर्वीसारखा मिळाला नाही.

अविवाहित राहिलेल्या या धर्मनिष्ठ माणसाने आपली संपत्ती ज्यू धार्मिक पाठशाळांसाठी ठेवली. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या संस्थेला त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, त्यांचे नाव देण्यात आले होते. त्याच नावाच्या सरकारी कंपनीने पुढे पोलिओचे डोसही पुरवले.

मुल्कोवालची चूक लस बनवताना नव्हे, ती देताना झाली होती. म्हणूनच आज तुमसर, पवनी वा साकोलीकडच्या उपकेंद्रात परिचारिका प्रत्येक बाळासाठी नवी सुई उघडते, लस थंड पेटीत जपते आणि टोचल्यावर आईला अर्धा तास थांबवून घेते. घाईत असलेल्या आईला ती अर्ध्या तासाची बैठक जाचक वाटते. प्रयोगशाळेतले संशोधन बाळापर्यंत सुखरूप पोहोचते ते या छोट्या नियमांमुळेच.