झटका न देणारी वीज

पावसाळ्यात वलवण, लोणावळा आणि शिरोता हे मावळातले तलाव भरतात. त्यांचे पाणी मोठ्या नळांतून घाट उतरते आणि सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीत जनित्रे फिरवते. जमशेटजी टाटांचे हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ मध्ये पुरे झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना पाण्यावरची वीज मिळू लागली. मावळातली शेतजमीन तलावांखाली गेली, ही त्या विजेची किंमत. ती वीज दूरवर नेणारी आणि गिरणीतली मोटर फिरवणारी जी पद्धत आहे, ती उभी करणाऱ्यांत निकोला टेस्ला यांचे नाव पहिल्या रांगेत येते.

आजची मुले मात्र टेस्लांना ओळखतात ते त्यांच्या कॉइलमुळे. पाइपवर बारीक तांब्याची तार गुंडाळायची, खाली जाड तारेचे चार-पाच वेढे द्यायचे, ट्रान्झिस्टरचे छोटे सर्किट जोडायचे, की वरच्या टोकातून जांभळ्या ठिणग्या निघतात आणि जवळ धरलेली ट्यूबलाइट तारेशिवाय पेटते. विज्ञान प्रदर्शनात या टेबलाभोवती हमखास गर्दी असते. त्या गर्दीत एखादा मुलगा ठिणगीला बोट लावून दाखवतो आणि झटका बसत नाही म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. या टाळ्यांमुळेच एका डॉक्टरला टेस्लांचे चरित्र सांगावेसे वाटते.

टेस्लांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी, आजच्या क्रोएशियातील स्मिलियान गावी एका सर्ब कुटुंबात झाला. वडील धर्मगुरू होते आणि मुलानेही तेच व्हावे ही त्यांची इच्छा. आई शिकलेली नव्हती, पण घरकामाची अवजारे स्वतः बनवायची. १८७३ मध्ये शाळा संपवून निकोला घरी आला आणि त्याला कॉलरा झाला. सलाइन आणि जलसंजीवनीच्या आधीचा तो काळ. मुलगा नऊ महिने अंथरुणाला खिळला, अनेकदा आशा सुटली. अशाच एका वेळी वडिलांनी कबूल केले की बरा झालास तर तुला इंजिनीअरिंगला पाठवीन. मुलगा बरा झाला आणि वडिलांनी शब्द पाळला.

ग्राट्सच्या तंत्रविद्यालयात त्यांनी एकदिश विजेचे यंत्र पाहिले. त्यातल्या ब्रशवर सतत ठिणग्या उडत. ठिणग्यांशिवाय चालणारी मोटर का नसावी, हा प्रश्न डोक्यात बसला. उत्तर १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत फिरताना सुचले. क्रमाक्रमाने मागे-पुढे होणारे दोन किंवा तीन प्रत्यावर्ती प्रवाह वेगवेगळ्या वेढ्यांत सोडले, तर चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागते आणि मधला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. ब्रश नको, ठिणगी नको. आज पिठाच्या गिरणीपासून शेतातल्या विहिरीवरच्या पंपापर्यंत हेच तत्त्व काम करते.

१८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. काही महिने एडिसन यांच्या कारखान्यात काम केले, तेथून बाहेर पडले, स्वतःच्या कंपनीत भागीदारांकडून फसले गेले आणि काही काळ चर खोदण्याची मजुरीही केली. १८८८ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्यांच्या मोटरचे पेटंट हक्क घेतले. १८९६ मध्ये नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. पाण्याने जनित्र फिरवायचे आणि वीज उंच दाबाने दूर पाठवायची, हा तो नमुना. खोपोलीचे वीजकेंद्र त्यानंतर वीस वर्षांच्या आत सुरू झाले.

कॉइल जन्माला आली ती १८९१ मध्ये. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. टेस्लांना लाखो आवर्तने हवी होती. त्यांनी दोन वेटोळी अशी जुळवली की दोघांची नैसर्गिक कंपनसंख्या एक व्हावी. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का देत गेले की तो उंच जातो, तसा वरच्या वेटोळ्यातला विजेचा दाब वाढत हजारो-लाखो व्होल्टपर्यंत जातो. टेस्लांच्या कॉइलमध्ये ही कंपने ठिणगीच्या फटीतून निर्माण होत. आजच्या छोट्या कॉइलमध्ये ते काम ट्रान्झिस्टर करतात. त्या जोरावर टेस्ला भर सभेत हा प्रवाह स्वतःच्या शरीरातून जाऊ देत आणि हातातला दिवा पेटवून दाखवत.

ते जिवंत राहिले, याला शरीरशास्त्रीय कारण आहे. मज्जातंतूला एकदा उद्दीपित व्हायला ठरावीक वेळ लागतो. ५० आवर्तनांची वीज त्याला पुरेपूर वेळ देते. त्यामुळे स्नायू आखडतात, हात तारेला चिकटतो आणि हृदयाची लय तुटून ते नुसते थरथरू लागते. सेकंदाला एक लाखाहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह मज्जातंतूला तो वेळच देत नाही, म्हणून झटका जाणवत नाही. ही वीज फक्त कातडीवरून वाहते, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. तांब्याच्या तारेत ती पृष्ठभागालगत वाहते, पण शरीर तांब्याच्या मानाने फारच कमी वाहक आहे. त्यामुळे ती आतपर्यंत जाते आणि वाटेतल्या पेशी तापवते.

शस्त्रक्रियागृहात आम्ही याच गुणावर जगतो. १८९१ च्या सुमारासच फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल यांनी असा प्रवाह स्नायू आखडवत नाही हे दाखवले. १९२६ मध्ये बोस्टनला हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. आज सरकारी रुग्णालयातही सिझेरियनपासून हर्नियापर्यंत रक्तस्राव थांबवणारी कॉटरी असते. तिची कंपनसंख्या काही लाख असते, घरगुती कॉइलचीही साधारण तेवढीच. म्हणजे टाळ्या घेणारे ते बोट एका बेभरवशाच्या कॉटरीच्या टोकावर ठेवलेले असते. भाजण्याचा डाग टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो, पण इजा खोलवर असू शकते.

वेदना नाही म्हणजे धोका नाही, हा समज किती महाग पडतो हे टेस्लांच्या काळातच क्ष-किरणांनी दाखवले. रंटगेन यांचा शोध जाहीर झाल्यावर टेस्लाही १८९६ मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगांत गुंतले. नळीसमोर उभे राहताना काही दुखत नसे, कातडी नंतर लाल होई आणि फोड येत. टेस्लांनी १८९७ मध्ये या इजांवर लेख लिहून इतरांना सावध केले. कारण म्हणून त्यांनी ओझोनकडे बोट दाखवले, ते चुकले. पण अंतर ठेवा, वेळ कमी करा, मध्ये आड घाला, हा त्यांचा सल्ला योग्य होता. क्ष-किरण विभागात आजही तो पाळला जातो.

पुढचे आयुष्य उतरणीचे होते. १८९५ मध्ये प्रयोगशाळा जळाली. १८९९ मध्ये कोलोरॅडोत प्रचंड कॉइल उभारली. तारेविना संदेश आणि वीज पाठवण्यासाठी वॉर्डनक्लिफचा मनोरा बांधायला घेतला, पण पैसा आटला आणि १९१७ मध्ये तो पाडला गेला. १९३७ मध्ये टॅक्सीने धडक दिली, बरगड्या मोडल्या, तरी त्यांनी डॉक्टरला दाखवले नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी, ८६ व्या वर्षी, न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खोलीत ते एकटेच वारले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. एमआरआयच्या कागदावर १.५ टेस्ला लिहिलेले असते, ते हेच.

मुलांनी कॉइल करू नये असे मी म्हणणार नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, एका ट्रान्झिस्टरची छोटी कॉइल शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर करावी. मोठ्या कॉइलमध्ये अनेकदा घरातली २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय एकदिश केली जाते. तेव्हा कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. वरची ठिणगी खालच्या वेढ्यांवर उडाली, तर तिच्याच वाटेने घरची वीज बोटापर्यंत येऊ शकते. ती मात्र झटका देते आणि हृदय थांबवते. असे काम जाणकाराशिवाय करू नये. ठिणगीला हात लावू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात कारण ठिणग्यांतून ओझोन तयार होतो, आणि पेसमेकर बसवलेल्या आजोबांना त्या खोलीत नेऊ नये.

कुणाला वीज लागलीच, तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्याला हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ ला फोन करावा. आणि बोटावर नुसता पांढरा ठिपका दिसत असेल, दुखत नसेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे.