कुलंजची व्याख्या लिहिणारा हकीम

तब्येत हा शब्द आपण रोज वापरतो. तो मूळचा अरबी. युनानी वैद्यकात तबीयत म्हणजे शरीराचा आतून कारभार पाहणारी शक्ती. हकीम तिचा फक्त मदतनीस. पुण्यात आझम कॅम्पसच्या युनानी महाविद्यालयातले विद्यार्थी आजही कुल्लियात या विषयात अशा संज्ञा शिकतात. हे नाव इब्ने सिना यांच्या ‘अल-कानून’च्या पहिल्या खंडावरून आले आहे.

अबू अली इब्ने सिना यांचा जन्म ९८० साली बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावचा. विशीच्या आतच सुलतानावर उपचार करून त्यांनी शाही ग्रंथालयाचे दार उघडून घेतले. पुढे कानूनचे पाच खंड लिहिले. वैद्यक म्हणजे काय, इथपासून त्यांची सुरुवात. अवयव कोणता, त्याची रचना कशी, मग त्याचा रोग, असा क्रम. बाराव्या शतकात टोलेडोत त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपने तो ग्रंथ कित्येक शतके अभ्यासला.

त्यांच्या आयुष्याला चिकटलेली एक संज्ञा मात्र कुलंज, म्हणजे आतड्याचा शूळ. पोटात कळ आली की सगळे सारखेच कळवळतात, पण आतड्याची कळ आणि मुतखड्याची कळ एक नव्हे. आतड्याची कळ खालून उजवीकडे सुरू होऊन पसरते, खड्याची वरून खाली सरकते, असा फरक त्यांनी नोंदवला. नाव चुकले की औषधही चुकणार! हमदानच्या शम्सुद्दौलाचा कुलंज त्यांनी बरा केला आणि वजिरी मिळाली. तो वारल्यावर फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद झाली. तिथेच कुलंजवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

नंतर ते इस्फहानला गेले आणि अखेर तोच विकार त्यांना जडला. लवकर उठण्याच्या घाईत त्यांनी एका दिवसात आठ बस्ती घेतले, आतड्याला जखमा झाल्या. औषधात सेलरीचे बी दोन दानिक घालायला सांगितले होते, वैद्याने पाच दिरहम घातले. दानिक म्हणजे दिरहमचा सहावा भाग. नोकराने अफूही जास्त मिसळली. शिष्य जुजजानी याच्या चरित्रात हे सारे आहे.

हमदानला पोचल्यावर तबीयत थकली हे त्यांनी ओळखले आणि औषधे थांबवली. मालमत्ता गरिबांत वाटली, गुलामांना मुक्त केले, दर तीन दिवसांनी कुराणाचे एक पठण पुरे करू लागले. हिजरी ४२८ च्या रमजानमध्ये, म्हणजे १०३७ साली, त्यांचे निधन झाले. कबर हमदानलाच आहे.